जंगलातली आजारी झाडं उपग्रहातून शोधताना: राधानगरी ते चंदगड

मार्चच्या मध्यावर राधानगरी-दाजीपूरचं उपग्रह चित्र उघडा, अर्धं जंगल आजारी वाटेल. ऐन, किंजळ, नाणा यांनी पानं टाकलेली असतात. कोशिंबाला लालभडक पालवी आलेली असते, जांभळाची नवी पानं तांबूस असतात. सड्यावरचं गवत कधीच वाळलेलं, मध्येच कुठे वणव्याचा काळा पट्टा. यातल्या एकाचाही रोगाशी संबंध नाही, पण संगणकाला सगळीकडे ‘हिरवाई घटली’ एवढंच कळतं. या कामाचा मोठा वेळ रोगासारखं दिसणारं बाकीचं सगळं बाजूला काढण्यात जातो. जे उरतं तिथे पायी जायचं. रोगाचं नाव उपग्रह सांगत नाही. कोणत्या झाडाखाली जाऊन उभं राहायचं, तेवढं तो सांगतो.

भूगोल किंवा वनस्पतिशास्त्राचे विद्यार्थी, नव्याने रुजू झालेले वनरक्षक आणि आजरा-चंदगडचे काजू बागायतदार डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. बरा लॅपटॉप, क्यूजीआयएस हे नकाशांवर काम करायचं मोफत सॉफ्टवेअर आणि जीपीएस असलेला फोन एवढ्यावर काम सुरू होतं.

उपग्रहाला काय दिसतं

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेतं, कारण हरितद्रव्याला तो हवा असतो. डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश मात्र पानाच्या आतल्या पेशींच्या रचनेमुळे भरपूर परत फेकला जातो. त्यापलीकडचा लघुतरंग अवरक्त प्रकाश पानातलं पाणी शोषतं. झाड आजारी पडलं की हरितद्रव्य घटतं, पाणी घटतं, पुढे पेशी कोसळतात आणि शेवटी पानं गळतात. या प्रत्येक टप्प्याची खूण वेगळ्या बँडमध्ये, म्हणजे प्रकाशाच्या वेगळ्या पट्टीत उमटते. लाल आणि अवरक्त यांच्या मधली अरुंद पट्टी, साधारण ७०० ते ७४० नॅनोमीटरची, म्हणजे ‘रेड एज’. हरितद्रव्य कमी होऊ लागलं की तिथला बदल बऱ्याचदा आधी दिसतो.

नवशिक्यांसाठी युरोपचा सेंटिनेल-२ सगळ्यात सोयीचा. त्याची चित्रं मोफत मिळतात. पहिला उपग्रह जून २०१५ मध्ये आणि दुसरा मार्च २०१७ मध्ये सोडला गेला. दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी एकाच जागेवरून जातात. निळा, हिरवा, लाल आणि जवळचा अवरक्त हे बँड १० मीटरचे आहेत, रेड एज आणि लघुतरंग अवरक्त २० मीटरचे. लँडसॅट ३० मीटरचा आणि एका उपग्रहाची फेरी १६ दिवसांची, पण त्याचा जुना साठा काही दशकांचा आहे. ‘हा डोंगर वीस वर्षांपूर्वी कसा होता’ असा प्रश्न असेल तेव्हा तोच लागतो.

१० मीटरचा पिक्सेल (चित्रातला सगळ्यात लहान चौकोन) म्हणजे १०० चौरस मीटर जागा. चांगल्या वाढलेल्या जांभळाचा पसारा जेमतेम तेवढा, आणि त्यातही तो नेमका एका पिक्सेलमध्ये बसेल असं नाही. २० मीटरच्या बँडमध्ये तर चार-पाच झाडं एकत्र मिसळतात. त्यामुळे एकटं आजारी झाड या पद्धतीने सापडायचं नाही, आजारी झाडांचा घोळका सापडेल.

परदेशातली उदाहरणं वाचताना हे विसरू नका. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात पाइनची साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांचा उपद्रव उपग्रहातून टिपता आला, कारण तिथे मैलोन्‌मैल एकाच जातीची झाडं होती आणि मेलेलं झाड लाल पडायचं. इटलीच्या पुलिया भागात २०१३ मध्ये ऑलिव्हवर झायलेला हा जिवाणू सापडला. तिथली आजारी झाडं डोळ्याला लक्षणं दिसण्याआधीच ओळखता येतात, असं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं; पण ते विमानात बसवलेल्या खास कॅमेऱ्यांच्या जोरावर आणि लागवडीतल्या, एकाच जातीच्या झाडांवर. आपल्या दाजीपूरच्या रानात शंभर पावलांत पंधरा जातींची झाडं भेटतात. तिथले आकडे इथे जसेच्या तसे लावू नका.

जागा लहान घ्या, आणि ओळखीची

राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. पहिल्याच वर्षी एवढ्याला हात घालू नका. एक बीट (एका वनरक्षकाची हद्द) किंवा दोन-तीन कंपार्टमेंट (वन विभागाने क्रमांक दिलेले जंगलाचे तुकडे) पुरेत. माझं मत विचाराल तर सुरुवात नैसर्गिक जंगलापासून करूच नये. एकाच जातीची लागवड घ्या: सामाजिक वनीकरणातली ऑस्ट्रेलियन बाभूळ, निलगिरी किंवा चंदगड-आजऱ्याकडची काजूची बाग. सगळी झाडं एका जातीची आणि साधारण एका वयाची असली की वेगळं दिसणारं खरोखर वेगळं असण्याची शक्यता वाढते. काजूवर ढेकण्या ही कीड पडली की कोवळे शेंडे आणि मोहोर करपल्यासारखे वाळतात. बागायतदाराला ती ओळखीची असते, त्यामुळे नकाशा बरोबर की चूक हे तिथल्या तिथे कळतं. एक हंगाम असा घालवून मग रानात शिरा.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याचा स्वभावही लक्षात घ्या. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि पूर्वेला शिरोळकडे त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाइतका. पन्हाळ्याच्या डोंगरावरची झाडी आणि आंबा घाटातली झाडी एका मापाने मोजली तर पन्हाळा कायमचा आजारी ठरेल. तुलना नेहमी त्याच जागेची, त्याच जागेच्या मागच्या वर्षांशी करायची.

कोणता महिना

जून ते सप्टेंबर विसरा. पश्चिम भागावर ढगांचं झाकण असतं. ढगांतून पाहणारा सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह आहे, पण रडारची भाषा वेगळी आणि रोगासाठी ती नवशिक्याच्या कामाची नाही. ऑक्टोबरचा परतीचा पाऊस संपला की आकाश मोकळं होतं. पानगळीची झाडं अजून पानांत असतात, सड्यावरचं गवत वाळत आलेलं असतं. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा काळ मी धरतो. या दिवसांत ज्याच्या पानाचा रंग उतरलेला आहे, त्याची विचारपूस करायला हवी.

थंडीचे दोन त्रास मात्र आहेत. सेंटिनेल-२ आपल्यावरून सकाळी अकराच्या सुमारास जातो, तेव्हा दऱ्यांतलं धुकं कधी कधी उठलेलं नसतं. आणि डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असल्याने वायव्येकडचे उतार सावलीत असतात. असे खोल सावलीतले पिक्सेल सरळ वगळा. त्यांना सुधारायच्या पद्धती आहेत, पण पहिल्या वर्षी त्या भानगडीत पडू नका.

चित्रं उतरवणं आणि साफ करणं

सेंटिनेलची चित्रं देणाऱ्या कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत खातं उघडा, आपली जागा नकाशावर आखा आणि ‘एल२ए’ पातळीची चित्रं मागा. या पातळीवर वातावरणाचा परिणाम काढून टाकलेला असतो. जगभरासाठी ही पातळी डिसेंबर २०१८ पासून नियमित मिळू लागली, म्हणून २०१९ पासून पुढचे हंगाम घ्या. एकेक चित्र एक जीबीच्या घरात जातं, त्यामुळे गावाकडच्या नेटवर रात्री लावून ठेवणं बरं. गूगल अर्थ इंजिन वापरता येत असेल तर उतरवण्याची गरजच नाही, सगळं गूगलच्या संगणकांवरच होतं. शिक्षण आणि संशोधनासाठी ते मोफत आहे.

इथे एक खड्डा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांची मांडणी बदलली आणि प्रत्येक बँडच्या किमतीत १००० मिळवले गेले. त्यानंतरच्या चित्रांतून ते वजा केले नाहीत तर २०२१ आणि २०२२ यांच्यामध्ये अख्ख्या जंगलाला एकदम काहीतरी झाल्यासारखं दिसतं. अर्थ इंजिनमध्ये ‘हार्मोनाइज्ड’ नावाचा संच घेतला की हे काम आपोआप होतं. स्वतः उतरवलेल्या चित्रांत प्रत्येकाची प्रक्रिया-आवृत्ती तपासा, कारण जुनी चित्रंही नव्या आवृत्तीत पुन्हा काढलेली असू शकतात.

प्रत्येक चित्रासोबत ‘एससीएल’ नावाचा थर येतो. त्यात पिक्सेलची वर्गवारी असते. ३ म्हणजे ढगाची सावली, ८ आणि ९ म्हणजे ढग, १० म्हणजे विरळ उंच ढग. हे चारही वर्ग वगळा, आणि ढगाच्या कडेचे आणखी दोन-तीन पिक्सेलही काढून टाका, कारण कडा नेहमी निसटते. क्यूजीआयएसमध्ये प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) यूटीएम ४३ उत्तर ठेवा, म्हणजे ईपीएसजी ३२६४३. अख्खा कोल्हापूर जिल्हा त्यात बसतो आणि अंतरं मीटरमध्ये मिळतात. जंगल कुठलं आणि शेत कुठलं हे वेगळं करायला युरोपीय अवकाश संस्थेचा १० मीटरचा वर्ल्डकव्हर नकाशा मोफत मिळतो. त्याला काजूची बाग आणि रान यातला फरक कळत नाही, ती हद्द हातानेच आखावी लागते.

तीन निर्देशांक आणि एक वजाबाकी

निर्देशांक म्हणजे दोन बँडच्या आकड्यांतून काढलेलं एक माप. सुरुवातीला तीन पुरेत. खालच्या सूत्रांत बी४ म्हणजे लाल बँड, बी५ रेड एज, बी८ आणि बी८ए जवळचा अवरक्त, बी११ लघुतरंग अवरक्त. एनडीव्हीआय = (बी८ − बी४) ÷ (बी८ + बी४), हा एकूण हिरवाई दाखवतो. एनडीआरई = (बी८ए − बी५) ÷ (बी८ए + बी५), हा रेड एजवर चालतो आणि दाट जंगलात अधिक कामाचा, कारण दाट झाडीत एनडीव्हीआय वर जाऊन अडकतो आणि थोडासा बदल दाखवतच नाही. एनडीएमआय = (बी८ए − बी११) ÷ (बी८ए + बी११), हा पानातलं पाणी दाखवतो. तिन्ही क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये एकेका ओळीत निघतात.

प्रत्येक वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरमधली साफ चित्रं एकत्र करून पिक्सेलवार मध्यक (किमती क्रमाने लावल्या की मधोमध येणारी किंमत) काढा. मग त्या वर्षी तुमच्या संपूर्ण क्षेत्राचा मध्यक किती आला ते पाहा आणि प्रत्येक पिक्सेलमधून तो वजा करा. ही पायरी बरेच जण गाळतात, आणि पस्तावतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुराची वर्षं आठवा. पाऊस एखाद्या वर्षी लांबतो, एखाद्या वर्षी लवकर आटोपतो आणि अख्खं जंगल त्याप्रमाणे वर-खाली होतं. वर्षाचा मध्यक वजा केला की तो सामायिक चढउतार निघून जातो. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या तुलनेत कोण मागे पडलं, तेवढं उरतं.

आता मागच्या वर्षांची सरासरी आणि प्रमाण विचलन (किमती सरासरीपासून किती पसरल्या आहेत त्याचं माप) काढा. यंदाची किंमत सरासरीपेक्षा दोन विचलनांनी खाली असेल तो पिक्सेल संशयित. पाच-सहा वर्षांवरून काढलेलं विचलन मात्र कच्चं असतं. काही पिक्सेलमध्ये ते योगायोगाने इतकं लहान येतं की किरकोळ फरकही मोठा भासतो. म्हणून दुसरी अट जोडा: तीनपैकी किमान दोन निर्देशांक घसरलेले हवेत आणि सलग पाच तरी पिक्सेल हवेत. एकटे विखुरलेले ठिपके चाळून टाका.

रँडम फॉरेस्ट, न्यूरल नेटवर्क वगैरे मशीनला शिकवायच्या पद्धती नंतर बघू. झाडाखाली जाऊन खात्री केलेल्या जागा हाताशी नसताना मशीनला शिकवणार तरी काय?

डाग कशाचा आहे?

संशयित डाग हाती आले की एकेक घेऊन जुन्या चित्रांशी आणि गूगल अर्थच्या स्पष्ट चित्रांशी ताडून बघा. घाई करू नका, सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं. डागाचा आकार बरंच बोलतो. सरळ कडा असलेला चौकोन म्हणजे माणसाचं काम: तोड, नवी लागवड, बॉक्साइटची खाण. रानाला लागून असलेल्या उसाची तोड झाली की कडेचे पिक्सेल एका आठवड्यात उतरतात. वरून खाली ओघळलेली लांबट रेघ म्हणजे दरड. २०२१ च्या पावसातल्या अशा खुणा घाटउतारांवर सहज सापडतात. वणव्याचा डाग मोठा, कडेला दातेरी, आणि लघुतरंग अवरक्त बँडमध्ये झळकतो; नासाच्या फर्म्स या संकेतस्थळावर त्या तारखेची आग नोंदलेली आहे का तेही पाहता येतं. पाण्याच्या ताणाचा डाग कातळाची आणि उथळ मातीची हद्द धरून राहतो आणि दर दुष्काळी वर्षी त्याच जागी उमटतो.

कारवीची गोष्ट तर अस्सल सह्याद्रीची. ती सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरते. एका उतारावरची सगळी कारवी एकाच वेळी वाळते, तेव्हा चित्रात भयंकर रोग पसरल्यासारखं दिसतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘मागचा बहर कधी आला होता?’ एवढं विचारलं तरी कोडं सुटतं.

हे सगळं वगळून उरलेले डाग रोग-किडीचे असू शकतात. मुळांतून पसरणारी बुरशी झाडावरून शेजारच्या झाडावर जाते, म्हणून तिचा डाग गोलसर असतो आणि दरवर्षी कडेने थोडा थोडा वाढतो. पाण्याबरोबर आणि चिखलाबरोबर पसरणारे फायटोफ्थोरासारखे, मुळं कुजवणारे बुरशीसदृश जीव ओढे, रस्ते, पायवाटा धरून चालतात. उडणाऱ्या किडीचे ठिपके सुटेसुटे, आणि पानं खाणारी अळी असेल तर झाड महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा हिरवं होतं. साग पोसणाऱ्यांना हे ठाऊक आहे: पावसाळ्यात अळी पानाची जाळी करते आणि झाड तरीही जगतं. म्हणून एकाच तारखेवर निकाल देऊ नका. पुढच्या महिन्यातही डाग कायम आहे का, ते बघा.

बांडगुळाचा हिशोब मात्र उलटा. पानगळीच्या झाडावर ते माजलं असेल तर एप्रिलमध्ये, आजूबाजूची झाडं बोडकी असताना, हेच झाड हिरवं दिसतं. तिथे ‘घटलेली हिरवाई’ शोधून काही मिळणार नाही.

घोळका खरा की योगायोग?

डाग एकत्र आलेत की विखुरलेत हे मोरानचा निर्देशांक सांगतो, आणि घोळका नेमका कुठे आहे ते गेटिस-ऑर्ड पद्धतीचं हॉटस्पॉट विश्लेषण. दोन्ही जिओडा या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतं. मात्र थेट पिक्सेलवर हे चालवू नका. शेजारचे पिक्सेल नेहमीच एकमेकांसारखे असतात, त्यामुळे उत्तर ‘घोळका आहे’ असंच येणार. त्याऐवजी एक हेक्टरचे चौकोन आखा, प्रत्येकात संशयित भाग किती टक्के ते काढा आणि त्यावर चाचणी करा.

अंतराच्या हिशोबातही अशीच गफलत होते. ‘बहुतेक डाग रस्त्यापासून पाचशे मीटरच्या आत आहेत, म्हणजे रोग गाड्यांबरोबर आला’ असं वाक्य अहवालात लिहिण्याआधी त्याच जंगलात क्यूजीआयएसमधून तितकेच यादृच्छिक बिंदू टाका आणि त्यांचंही अंतर मोजा. सगळं जंगलच रस्त्यालगत असेल तर डागही तिथेच असणार.

झाडाखाली

अभयारण्यात पाऊल टाकण्याआधी वन्यजीव विभागाची लेखी परवानगी घ्या. पानं-फांद्यांचे नमुने घेण्यासाठी तसं स्पष्ट लिहून घ्या. ड्रोनचं आकर्षण सगळ्यांना असतं, पण २०२१ चे ड्रोन नियम आणि त्यावर वन विभागाची परवानगी असं दुहेरी प्रकरण आहे. काजूच्या बागेवर उडवून हात बसवा. सोबत बीटचा वनरक्षक असलाच पाहिजे. गवा समोर आला तर काय करायचं हे त्याला माहीत असतं, शिवाय ‘इथली झाडं दोन वर्षांपासून सुकताहेत’ हे तो नकाशा न बघता सांगतो. ते लिहून घ्या.

जंगलात रेंज नसते. क्यूफील्ड हे ॲप घरूनच नकाशासकट भरून न्या. दाट झाडीखाली फोनचा जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे होतो, म्हणून एका झाडाऐवजी बिंदूभोवतीची तीस मीटरची चौकट तपासा. प्रत्येक मोठ्या झाडाची जात, घेर, शेंड्याकडून किती भाग वाळलाय, पानांवर ठिपके आहेत का, खोडातून डिंक किंवा काळा स्राव येतोय का, सालीला भोकं आणि त्याखाली भुस्सा आहे का, बुंध्याशी फळीसारखी बुरशी उगवलीय का, बांडगूळ किती, हे सगळं नोंदवा. फोटो तीन: पूर्ण झाड, फांदी, लक्षण जवळून. नमुना रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवरचा घ्या. पूर्ण मेलेल्या तुकड्यावर दुसऱ्याच बुरश्या चढलेल्या असतात. पानं कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये ती कुजतात. रोगाची ओळख पटवायला कोल्हापूरच्या कृषी महाविद्यालयातले वनस्पती रोगशास्त्राचे जाणकार किंवा शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग गाठा. एका जागेवरून दुसरीकडे जाताना बुटांचा चिखल झाडा आणि कोयता स्पिरिटने पुसा, नाहीतर रोग पसरवण्याचं काम आपणच करायचो.

डाग नसलेल्या जागाही तितक्याच तपासायच्या. उत्साहात हे राहून जातं.

नकाशा किती खरा

समजा ४० संशयित आणि ४० निरोगी जागा पाहिल्या. संशयितांपैकी १४ ठिकाणी खरोखर रोग निघाला, निरोगींपैकी २ ठिकाणी. नकाशाने दाखवलेल्या जागी रोग सापडण्याचं प्रमाण ३५ टक्के, बाकी जंगलात ५ टक्के. म्हणजे बाकी जंगलात फिरण्यापेक्षा सात पट बरं. आता दुसरी बाजू पाहा. संशयित भाग एकूण जंगलाच्या ५ टक्के असेल, तर त्यातला रोगट भाग जंगलाच्या १.७५ टक्के. उरलेल्या ९५ टक्क्यांतला ५ टक्के रोगट, म्हणजे जंगलाच्या ४.७५ टक्के. एकूण रोगापैकी जवळपास तीन चतुर्थांश नकाशाबाहेर राहिला! नुसते १४ आणि २ बघितले तर वाटलं असतं की सोळापैकी चौदा पकडले. क्षेत्रफळाचं वजन दिल्याशिवाय अचूकतेचा आकडा अहवालात टाकू नका, आणि दुसऱ्याच्या अहवालात दिसला तर तो कसा काढलाय ते विचारा.

वन विभागाकडे द्यायचा कागद दोन पानांचा पुरे. कंपार्टमेंट क्रमांक, अक्षांश-रेखांश, झाडाची जात, बाधित क्षेत्र हेक्टरमध्ये, प्रयोगशाळेत ओळख पटली की नाही, आणि कोणत्या तारखांची चित्रं वापरली. रंगीत नकाशा एकच, त्यावर ओढे, वाटा आणि बीटची हद्द. ‘संशयित’ आणि ‘खात्रीचं’ यांना वेगळे रंग द्या, कारण कागद हातोहाती फिरताना शब्द गळतात आणि रंग तेवढे लक्षात राहतात. झाडं तोडायची की ठेवायची याची शिफारस त्यात करू नका, तो निर्णय त्यांचा. मूळ फाइल्स, वापरलेली सूत्रं आणि जागेवर घेतलेल्या नोंदी एका फोल्डरमध्ये तारखेनिशी ठेवा. पुढच्या नोव्हेंबरात त्याच बिंदूंवर परत जाताना त्याच लागणार आहेत.